जुन्या गाडीचे बुश : ओळखावे कसे, बदलावे कसे

आठवडी बाजार करणाऱ्या व्यापाऱ्याच्या धंद्यात दुकानानंतर दुसरे मोठे भांडवल म्हणजे त्याची गाडी. माहूर, वाई बाजार, सारखणी, किनवट या पट्ट्यात कापड, भांडी, मसाला किंवा चपला घेऊन फिरणाऱ्या आपल्या बांधवांकडे नवी गाडी क्वचितच असते. कोणाकडे मारुती ओम्नी, कोणाकडे टाटा सुमो, कोणाकडे मारुती ८०० असते. ही सर्व वाहने आता बनायची थांबली आहेत. मारुती ८०० आणि अॅम्बॅसिडर २०१४ साली बंद झाल्या, सुमो आणि ओम्नी २०१९ साली. म्हणजे आज रस्त्यावर असलेली यातील प्रत्येक गाडी वयस्क आहे. अशा गाडीचे इंजिन आपण सांभाळतो, ऑइल वेळेवर बदलतो, रंगही मारून घेतो. पण चाके आणि गाडीचे अंग यांना जोडणाऱ्या सांध्यांतील रबर कोणी वाकून पाहत नाही. त्या रबरालाच बुश म्हणतात. हा लेख त्याच्याविषयी आहे.

बुश काहीशे रुपयांत मिळतो. तो झिजला की टायर खातो, आणि टायरला काही हजार लागतात. त्याहून मोठी गोष्ट अशी की उतारावर ब्रेक दाबताच चाक आपली जागा सोडते. गाडीत माल असतो, शेजारी मुलगा किंवा नोकर बसलेला असतो. म्हणून हा विषय फक्त मिस्त्रीचा नाही, गाडीच्या मालकाचाही आहे.

बुश म्हणजे काय?

दोन लोखंडी नळ्या घ्या, एक लहान आणि एक मोठी. लहान नळी मोठीच्या आत ठेवून मधल्या जागेत रबर घट्ट बसवले की बुश तयार होतो. बाहेरची नळी चाकाला धरणाऱ्या आर्ममध्ये दाबून बसवलेली असते. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि ती नळी गाडीच्या सांगाड्याला आवळली जाते. चाक खड्ड्यात खाली-वर झाले की आर्म फिरतो, पण नळ्या एकमेकींवर घासत नाहीत. मधले रबर पिळले जाते आणि पुन्हा मूळ जागेवर येते. त्याला ग्रीस लागत नाही आणि त्याचा आवाजही होत नाही. म्हणूनच मिस्त्री लोक त्याला सायलेंट ब्लॉक असेही म्हणतात. हे पिळण्याचे तत्त्व वाचकांनी नीट ध्यानात ठेवावे. बुश बसवताना होणारी सर्वात मोठी चूक त्यावरूनच समजते, ती पुढे सांगितली आहे.

गाडीत असे बुश पुष्कळ ठिकाणी असतात. पुढे खालच्या आर्मला, स्टॅबिलायझर बारला आणि शॉकॲब्सॉर्बरच्या, म्हणजे आपल्या भाषेत शॉकअपच्या टोकाला असतात. ओम्नी, सुमो, अॅम्बॅसिडर अशा मागे पाटे असलेल्या गाड्यांत पाट्याच्या दोन्ही डोळ्यांत आणि शॅकलमध्येही असतात. काही बुशना बाहेरची नळी नसते. ते दोन अर्ध्या तुकड्यांचे, नुसत्या रबराचे असतात आणि दोन्ही बाजूंनी हाताने घालता येतात.

आपल्या भागात ते लवकर का जातात?

माहूरचा मुलूख डोंगराचा आणि घाटाचा. खाली नांदेडकडे उतरले की काळी माती लागते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. डोंगरात वळणे आणि ब्रेक, सपाटीवर हेलकावे. दोन्हींचा मार शेवटी रबरावर बसतो.

चढावर आणि उतारावर हा मार वेगवेगळ्या ठिकाणी पडतो. उतारावर ब्रेक लावला की गाडीचे वजन पुढे झुकते. चाक मागे ढकलले जाते आणि त्याला जागेवर धरण्याचे काम खालच्या आर्मच्या बुशवर येते. चढावर उलटे घडते. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असले तरी त्याची ओढ मागच्या चाकांना जाते. चाके गाडीला पुढे रेटतात, आणि तो रेटा पाट्याच्या पुढच्या डोळ्यातील बुशमधून गाडीच्या अंगात पोहोचतो. मागे गाठी भरल्या असतील तर पाटा आधीच दबलेला असतो. म्हणून माल वाहणाऱ्या ओम्नीत पुढच्या बुशइतकेच मागचे बुश महत्त्वाचे असतात. दुर्दैवाने मागच्या बुशकडे सर्वात शेवटी पाहिले जाते.

रबराचे आणखी तीन शत्रू आहेत. पहिला ऊन. उष्णतेने आणि हवेतील ओझोन वायूने रबर कडक होते व त्याला चिरा पडतात. दुसरा वय. गाडी उभी असली तरी रबर म्हातारे होते. तिसरा शत्रू आपणच घरी आणतो. पाटे करकरतात म्हणून गाडीखाली डिझेल किंवा जळके ऑइल मारण्याची जुनी पद्धत आपल्याकडे आहे. नैसर्गिक रबर तेल पिऊन फुगते व मऊ पडते. आठ दिवस आवाज बंद होतो आणि बुशचे आयुष्य मात्र घटते. गाडी धुवायला साधे पाणी पुरते. डिझेल मारू नये.

लक्षणे : कान, हात आणि डोळा

कापडाच्या धंद्यात आपण माल आधी डोळ्याने पाहतो, मग बोटात धरतो, मग ताणून पाहतो. गाडीचीही पारख अशीच, क्रमाने करावी.

१) कानाने : हळू गाडीत लहान खड्ड्यावर ‘खट्’ असा बोथट आवाज येतो का? मोकळ्या मैदानात दहा-पंधराच्या वेगाने जाऊन ब्रेक दाबा, मग गाडी मागे घेताना दाबा. दोन्ही वेळा एकेकच ठोका ऐकू आला तर आर्म बुशमध्ये पुढे-मागे सरकत असण्याचा संभव मोठा. मागून आवाज येत असेल तर गाडी रिकामी व भरलेली अशी दोन्ही वेळा चालवून पाहावी.

२) स्टिअरिंगवरून : सरळ रस्त्यावर गाडी भरकटते आणि सारखी सावरावी लागते. ब्रेक लावला की एका बाजूला ओढते. मारुती ८०० मध्ये स्टॅबिलायझर बार हाच आर्मला पुढे-मागे धरून ठेवतो. म्हणून त्याची रबरे गेली की ब्रेकबरोबर चाक जागा सोडते.

३) हाताने : गाडी बंद असताना टायरच्या खोबणीवर तळहात आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवा. मखमलीवर हात फिरवला की एका बाजूने लव गुळगुळीत लागते आणि दुसऱ्या बाजूने उभी राहते. टायर तसा लागला तर चाक सरळ न फिरता थोडे घासत चालले आहे. टायरची आतली किंवा बाहेरची एकच कड झिजली असेल तर तेही तेच सांगते. अलाइनमेंट करून महिन्यात पुन्हा बिघडते, असे होत असल्यास सांध्यांत ढिलाई आहे असे समजावे.

४) डोळ्याने : गाडी नीट आधारावर असेल तेव्हाच खाली पाहावे. बुशमधला बोल्ट मधोमध आहे की एका बाजूला गेला आहे? रबर नळीपासून सुटले आहे का? शेजारी तांबड्या गंजाची पूड किंवा रबराचा काळा भुगा आहे का? पाट्याची शॅकल एका बाजूला कलली आहे का? वरवरच्या बारीक चिरा म्हणजे बुश गेला असे नव्हे. त्या वयाच्या खुणा आहेत. चीर खोल गेलेली असेल किंवा रबर लोखंडापासून वेगळे झाले असेल, तेव्हा तो बदलावाच.

५) टॉमीने : शेवटची आणि पक्की परीक्षा. सांध्याजवळ टॉमी घालून आर्म हळूच रेटावा. चांगल्या बुशमध्ये आर्म थोडा दबतो आणि परत येतो. झिजलेल्या बुशमध्ये तो सहज सरकतो व लोखंडाला लोखंड लागल्याचे कळते. फार जोर करू नये, जोराने चांगला बुशही हलतो.

दुसऱ्या दोषाला बुश समजू नये

या बाबतीत पैसे फार वाया जातात. आवाज आला की शॉकअप बदला, हा अनेक ठिकाणचा ठरलेला सल्ला. आमच्या परिचयाच्या एका व्यापाऱ्याच्या गाडीचे दोन्ही शॉकअप बदलले गेले, बिल झाले आणि आवाज तसाच राहिला. नंतर दुसऱ्या मिस्त्रीने टॉमी लावून दाखवले तेव्हा दोष आर्मच्या बुशमध्ये निघाला. म्हणून पुढील फरक जाणून घ्यावेत.

शॉकअप गेला असेल तर गाडीचा कोपरा दाबून सोडल्यावर ती दोन-तीन वेळा झुलत राहते, आणि शॉकअपवर तेल ओघळलेले दिसते. चाकाचे बेअरिंग गेले असेल तर घूं असा आवाज येतो व तो वेगाबरोबर वाढतो. चाक उचलून डावी-उजवी कड धरून हलवल्यावर खेळ जाणवला आणि त्याबरोबर स्टिअरिंगचा दांडा ढिला हलताना दिसला तर टाय-रॉडचे टोक पाहावे. वर-खाली धरून हलवल्यावर खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट तपासावा. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना वरच्या बाजूने आवाज येत असेल तर शॉकअपच्या डोक्यावरचे माउंटिंग संशयित. हे सर्व तपासूनच बुशवर बोट ठेवावे. कधी कधी दोन दोष एकत्रही असतात.

बदलण्याची रीत : मागचे पाटे

हे काम समजून घेतले तर मिस्त्रीजवळ उभे राहून ते नीट होत आहे की नाही हे पाहता येते. गाडी सपाट आणि कठीण जागी घ्यावी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावावी. गाडी उचलून सांगाड्याखाली मजबूत लोखंडी स्टँड द्यावेत. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, मालकही नाही आणि मिस्त्रीचा पोऱ्याही नाही. दुसरा जॅक मागच्या धुऱ्याखाली लावून पाट्यावरचा ताण काढून घ्यावा. ताण असलेला बोल्ट काढला तर पाटा झटक्याने सुटतो.

त्यानंतर शॉकअपचे खालचे टोक सोडावे, शॅकलचे नट काढावेत आणि जुनी रबरे बाहेर घ्यावीत. पिन व डोळा यांवरील गंज ब्रशने साफ करावा. पिनला खाच पडली असेल तर तीही बदलावी, नाहीतर ती नवे रबर कापून टाकते. रबर घालताना साबणाचे पाणी वापरावे. ग्रीस, ऑइल किंवा रॉकेल वापरू नये. एका वेळी एकाच बाजूचे काम करावे, म्हणजे धुरा जागेवर राहतो. पाटा पूर्ण उतरवला असल्यास यू-बोल्टचे नट तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत, आणि काही दिवस गाडी चालवून पुन्हा तपासावेत.

बदलण्याची रीत : पुढचा आर्म

पुढचे काम अधिक जोखमीचे आहे. चाक काढून बॉल जॉइंट सोडवावा लागतो, मग आतला बोल्ट काढून आर्म बाहेर येतो. शॉकअपवरची स्प्रिंग मात्र सोडू नये. दाबलेली स्प्रिंग माणसाचा जीव घेऊ शकते, आणि फक्त बुशसाठी ती सोडण्याची सहसा गरजही नसते.

आर्ममधील जुना बुश काढण्यापूर्वी तो कोणत्या बाजूने आणि किती आत बसला आहे याची खूण करावी. काही बुशमध्ये रबरात मुद्दाम पोकळ जागा ठेवलेली असते. तिची दिशा बदलली तर नवा बुशही लवकर फाटतो. बुश प्रेसवर काढावा व प्रेसवरच बसवावा. गॅसच्या ज्योतीने रबर जाळून काढू नये. तो धूर विषारी असतो आणि आर्मचे लोखंडही तापून कमजोर होऊ शकते. नवा बुश बसवताना दाब बाहेरच्या नळीच्या कडेवर यावा, मधल्या रबरावर किंवा आतल्या नळीवर नव्हे. हातोड्याने ठोकलेला बुश वाकडा बसतो. आपल्या गावी प्रेस नसेल तर आर्म काढून किनवट किंवा नांदेडला नेऊन काम करून आणणे बरे.

सर्वात महत्त्वाची गोष्ट : शेवटचा पाना केव्हा मारावा?

वर सांगितले की बुशमधले रबर पिळले जाते. आता विचार करा. गाडी स्टँडवर असताना चाक खाली लोंबते आणि आर्म उताराच्या दिशेने झुकलेला असतो. त्याच स्थितीत बोल्ट पक्का आवळला तर आतली नळी तिथेच धरली गेली. गाडी खाली उतरवली की आर्म वर येतो आणि गाडी उभी असतानाही रबर पिळलेलेच राहते. वर खड्ड्याचा धक्का बसला की ते आणखी पिळले जाते. असा नवा बुश काही महिन्यांत फाटतो. मालक म्हणतो माल नकली होता, दुकानदार म्हणतो मिस्त्री वाईट होता. दोष फक्त पाना मारण्याच्या वेळेचा असतो.

म्हणून नियम असा : सर्व बोल्ट आधी हलके लावावेत. गाडी चाकांवर जमिनीवर उतरवावी, दोन-चार वेळा दाबून सोडावी, आणि गाडीचे वजन चाकांवर असतानाच शेवटचा पाना मारावा. टॉर्क पाना असेल तर कंपनीच्या पुस्तकातील आकड्याप्रमाणे. पाट्यांच्या बुशलाही हाच नियम. जे नट कुलपी आहेत, म्हणजे ज्यांत नायलॉनची कडी असते, ते नवे वापरावेत. मिस्त्रीला हे एक वाक्य आधीच नम्रपणे सांगावे. जाणकार मिस्त्रीला राग येणार नाही.

काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्यावी. बुश नवा झाला की चाकाचा कोन थोडा बदलतो. पुढच्या चाकांचा टो, म्हणजे चाकांची तोंडे किती आत किंवा बाहेर आहेत, तो मशीनवर लावून घ्यावा. हे पैसे वाचवले तर बुशवर खर्च केलेले पैसे टायरमार्गे जातात.

माल घेताना

- जुना बुश बरोबर न्यावा. मॉडेलचे वर्षही सांगावे, कारण एकाच नावाच्या गाडीत वेगळ्या वर्षी वेगळे माप असते.
- डाव्या-उजव्या बाजूंचा जोड एकत्र बदलावा. एक कडक आणि एक मऊ असला की गाडी ओढते.
- डब्यावरील तारीख पाहावी. बरीच वर्षे कपाटात पडलेले रबर नवे दिसते, पण कडक झालेले असते. नखाने दाबून पाहावे.
- काही गाड्यांत सुटा बुश घेण्यापेक्षा बुशसहित पूर्ण आर्म घेणे परवडते. बॉल जॉइंटही थकला असेल तर हाच हिशेब बरा.
- पॉलियुरेथेनचे कडक बुश टिकतात, परंतु रस्त्याचा धक्का जास्त अंगावर येतो व काहींना ग्रीस लागते. माल वाहणाऱ्या साध्या गाडीला चांगले रबरच पुरे.
- तारीख, किलोमीटर आणि कोणता भाग बदलला हे वहीत लिहावे. उधारीची वही आपण ठेवतो, तशी एक गाडीचीही ठेवावी.

घेणारा आणि विकणारा

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. या टप्प्यावर पुष्कळ गाड्या हात बदलतात. घेणाऱ्याने रंग आणि सीटकव्हर पाहून भाव करू नये. टायरवर तळहात फिरवावा, ब्रेकचा ठोका ऐकावा, शॅकल पाहावी. दहा मिनिटांचे काम आहे.

विकणाऱ्याची जबाबदारी याहून जड आहे. खाली डिझेल मारून आठ दिवस आवाज बंद करायचा आणि त्या आठ दिवसांत गाडी विकायची, हा प्रकार बाजारात होतो. आपण कापडात डाग असलेला तागा गिऱ्हाइकाला उलगडून दाखवतो आणि कमी भावाने देतो. तोच नियम इथे आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आतून धान्य ओले निघाले, आणि ओला भाग वर का ठेवला नाही असे विक्रेत्याला विचारले, ही घटना आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेली आहे. फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही असा त्यांचा इशाराही आपल्याला माहीत आहे. ओल्या धान्यात घेणाऱ्याचे पैसे जातात. झिजलेल्या बुशची गाडी ऐब न सांगता दिली तर ती गाडी उद्या घाटात त्याच्या बायकामुलांना घेऊन उतरणार आहे. ऐब सांगावा, तितका भाव कमी घ्यावा. बरकत त्याच सौद्यात असते.

मिस्त्रीच्या मजुरीबाबतही तेच. जो माणूस गाडीखाली झोपून आपला जीव सांभाळतो त्याच्याशी काम होण्याआधी मजुरी ठरवावी आणि काम होताच हातात द्यावी. आर्म प्रेसवर नेणे, वजन चाकांवर आल्यावर पाना मारणे, यात त्याचा वेळ जातो. तो वेळ आपण घासाघीस करून कापला तर तो पाना स्टँडवरच मारून मोकळा होईल.

पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळी-ईदच्या मालाची धावपळ सुरू होण्याआधी एकदा, अशी वर्षातून दोनदा ही तपासणी करावी. ब्रेकचा ठोका ऐकू आला तर पुढच्या बाजाराची वाट पाहू नये. गाडीतील माल आपला असतो, पण शेजारी बसलेला माणूस आपल्याकडे अमानत असतो.